परदेश म्हणजे मुलाचंच घर का?

मा. संपादक,
स. न.

ज्येष्ठांच्या एकटेपणावरची वाचकांची पत्रं मी नेमाने वाचते. त्यांत परदेश आला की तो मुलाच्या किंवा मुलीच्या घरापुरताच. नातवंडं सांभाळायला सहा महिने जायचं, मुदत संपली की परतायचं. उतारवयात आपल्यासाठी म्हणून कुणी परदेशात बिऱ्हाड करेल, हे कुणाच्या गणतीतच नाही. मी ते केलं आहे, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी कृषी सहायकाची, जवळपास सगळी काटोल-नरखेडच्या संत्राबागांत गेली. यजमान लष्करात, त्यातली काही वर्षं गोरखा पलटणीत. ते गेल्यावर पलटणीतले जुने सुभेदार नेपाळहून भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, "आमच्या डोंगरावरही संत्री आहेत, पण झाडं वाळताहेत." त्यांचा स्याङ्जा जिल्हा तिकडे संत्र्यासाठीच ओळखला जातो, तिथे त्याला सुन्तला म्हणतात. त्रेसष्टाव्या वर्षी मी नुसतं बघायला गेले. आता तिसरं वर्ष सुरू आहे. त्रिमूर्तीनगरातली शेजारीण म्हणाली, "कुठं जाऊन राहिली वं बाई, या वयात? पोरानं टाकलं का?" पोराने टाकलेलं नाही. तो रोज रात्री आठला फोन करतो, तेव्हा माझ्या घड्याळात सव्वाआठ झालेले असतात.

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही आणि 1950 च्या करारामुळे राहताही येतं. जमीन घेता येत नाही, मी दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. आपले शंभर रुपये तिथे 160 होतात, त्यामुळे पेन्शन पुरते. लिपी देवनागरीच, म्हणून पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता आल्या. 'ळ' तेवढा त्यांच्या बोलण्यात नाही. तो ऐकायला शेजारची मुलं मला मुद्दाम 'केळी' म्हणायला लावतात.

झाडं का वाळत होती ते पहिल्याच फेरीत दिसलं. शेणखत आणि माती थेट बुंध्याला लावलेली. पावसात तिथे ओल राहते, बुरशी साल कुजवते आणि डिंक गळू लागतो. आपल्याकडचा डिंक्याच तो. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ही बोर्डो पेस्ट पावसाळ्याआधी आणि नंतर लावायची, माती बुंध्यापासून मागे ओढायची. सुभेदारांच्या पत्नी, ज्यांना मी दिदी म्हणते, तयार नव्हत्या. झाडं सासऱ्यांच्या हातची. शेवटी एका झाडाला हात लावू दिला. पुढल्या वर्षी स्वतः बादली घेऊन आल्या. मीही चुकले. बहार धरायला आपण पाणी तोडून ताण देतो, तसा तिथेही द्या असं सांगून बसले. दिदी म्हणाल्या, इथे थंडीच झाडाला झोपवते, चैत्रात ते आपसूक फुलतं. तीस वर्षं संत्र्यात काढून हे मला त्यांच्याकडून कळलं.

गावातली तरुण मुलं आखातात, मलेशियात. मागे राहिलेत म्हातारे आणि पडीक गऱ्हे, म्हणजे डोंगरउतारावरच्या पायऱ्यांची शेतं. तिथे मला कुणी "आता आराम करा" म्हणत नाही. सकाळी कुणीतरी दारात येऊन झाड बघायला बोलावतं.

पण दुसरी बाजू लपवणार नाही. मागच्या श्रावणात ओल्या दगडी पायरीवर घसरून मनगट मोडलं. रस्त्यावर दरड आली होती, पोखरा शहरातलं रुग्णालय गाठायला दुसरा दिवस उजाडला. दिदी रात्रभर हात धरून बसल्या होत्या. नागपुरात अर्ध्या तासात मेडिकल कॉलेजचं रुग्णालय गाठता येतं, हे त्या रात्री फार आठवलं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे, डायलिसिस सुरू आहे, त्यांनी असल्या गावी जाऊ नये. बाकीच्यांना माझी कळकळीची विनंती: एक अख्खा पावसाळा तिथे काढल्याशिवाय इथलं घर विकू नका. माझं घर मी राखून ठेवलं आहे. आणि डोंगर बघायला म्हणून बिऱ्हाड हलवू नका. डोंगर पंधरा दिवसांत सवयीचा होतो. आपल्या हातातलं काम जिथे कुणाला हवं आहे, असं गाव शोधा.

दोन महिन्यांसाठी नागपुरात आले होते, पुढच्या आठवड्यात गोरखपूरच्या गाडीने निघते आहे. जंबेरीवरची, म्हणजे त्या लिंबाच्या खुंटावर बांधलेली, संत्र्याची कलमं न्यावीशी वाटली होती, पण झाडांबरोबर रोगही सीमेपार जातो, म्हणून कलमाचे डोळे भरायचा चाकू तेवढा घेतला आहे. झाडं फुलण्याआधी आळी करून व्हायला हवीत.

आपली,
एक निवृत्त कृषी सहायक,
त्रिमूर्तीनगर, नागपूर