चेहऱ्यावर रबर चढवण्याआधी

वडोदरा

प्रिय वश्या,

सप्रेम नमस्कार.

तुझी रंगभूषेची यादी वाचली. पहिल्या नाटकात एक भाजलेला चेहरा आणि दोन म्हातारे, बालनाट्यात एक राक्षस आणि वर अख्खी वानरसेना. प्रत्येकापुढे एकच शब्द: लेटेक्स, म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. अरे, तू नाटक बसवतोयस की रबराचा कारखाना काढतोयस?

चेष्टा पुरे. तू विचारलंस, ‘किती थर द्यायचे?’ मला वाटतं तुझा प्रश्न दोन पायऱ्या पुढचा आहे. आधी बघायचं ते बाटलीत काय आहे, आणि ती कोणाच्या तोंडाला लागणार आहे.

रबराचा माल विकणाऱ्यांकडे जो मोठा कॅन स्वस्तात मिळतो तो फुगे, हातमोजे, गालिच्यांची पाठ असल्या कामांसाठी असतो. झाडाचा चीक काढल्यावर काही तासांतच गोठायला लागतो, कारण त्यात जंतू वाढतात आणि आम्ल तयार होतं. म्हणून त्यात अमोनिया घालतात. आपल्याकडे हा माल मुख्यतः केरळातून येतो. यंत्रात फिरवून घट्ट केलेल्या चिकात साधारण ६० टक्के रबर असतं. जास्त अमोनियाच्या जातीत अमोनिया ०.७ टक्क्यांच्या आसपास, कमीच्या जातीत ०.२ च्या आसपास. आकडे दिसायला लहान आहेत, पण बंद रंगपटात डोळ्यांच्या दोन बोटं खाली तो लावून बघ, म्हणजे लहान आहेत की मोठे ते कळेल. आणि नुसता कमी अमोनिया बघून हुरळू नकोस. अमोनिया कमी केला की चीक टिकवायला दुसरं काहीतरी घालावं लागतं, बहुतेक वेळा थायुराम जातीचं रसायन, आणि कातडीला उशिरा झोंबणाऱ्या पदार्थांत नेमकं त्याचं नाव वर असतं. म्हणून चेहऱ्यासाठी फक्त त्वचेवर लावायचं म्हणून विकलं जाणारं, लेबलवर घटक आणि मुदत छापलेलं लेटेक्सच घे. कॅनमधलं सुट्टं ओतून दिलेलं कितीही स्वस्त असो, ते मुखवट्याला. गुठळ्या झालेल्या किंवा सडका वास येणाऱ्या बाटलीवर माया करू नकोस, फेकून दे.

आता माणसाकडे येतो, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

रबराची अ‍ॅलर्जी दोन तऱ्हांची. एक उशिराची: आज लावलं, उद्या-परवा तिथे लाली, खाज, बारीक पुरळ. ही बहुधा रबर पक्कं करायला घातलेल्या रसायनांमुळे. त्रासदायक खरी, पण जिवावरची नाही. दुसरी तात्काळची, खुद्द चिकातल्या प्रथिनांमुळे. काही मिनिटांत अंगावर पित्त उठतं, ओठ-पापण्या सुजतात, शिंका, छातीत घरघर, आणि क्वचित रक्तदाब कोसळून माणूस खाली बसतो. ही कोणाला असण्याची शक्यता जास्त? रोज हातमोजे घालणारे नर्स-डॉक्टर, लहानपणापासून बऱ्याच शस्त्रक्रिया झालेली मुलं, विशेषतः मणक्याच्या जन्मजात दोषाची, आणि ज्यांना मुळात दमा किंवा अ‍ॅलर्जीचा त्रास आहे ते. आमच्या मंडळात एक नर्स काम करायची. मोज्यांनी तिचे हात खाजायचे आणि ती ते साबणावर ढकलायची. विचारलं म्हणून कळलं.

तर विचार. ‘रबराची अ‍ॅलर्जी आहे का?’ असं नको, त्याला सगळे नाहीच म्हणतात. विचार, की फुगा फुगवल्यावर ओठ खाजतात का? दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर तोंड सुजलं होतं का कधी? केळं, पपई, किवी, अ‍ॅव्होकॅडो खाल्ल्यावर घशात खवखवतं का? या फळांतली काही प्रथिनं चिकातल्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतात. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं तर त्या नटाला लेटेक्स लावायचं नाही. पॅच टेस्टसुद्धा करायची नाही. टेस्ट ज्याला काहीच माहीत नाही त्याच्यासाठी, माहीत असलेल्याला डिवचायला नव्हे. बाकीच्यांना कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढा ठिपका लाव, वाळू दे, काढ, आणि दोन दिवस नजर ठेव. त्यातून सगळं निभावतं असं नाही. ही अ‍ॅलर्जी पुन्हा पुन्हा संपर्क येऊन अंगात मुरते. गेल्या वर्षी काही झालं नाही म्हणून यंदाही होणार नाही, हे ज्येष्ठ नटांचं पेटंट वाक्य ऐकून घे आणि सोडून दे.

आणखी एक, जे रंगपटात कोणाच्या लक्षात येत नाही. वाळलेलं लेटेक्स स्वतःलाच चिकटतं म्हणून आपण त्यावर टाल्कम पावडर मारतो. ती पावडर रबराची प्रथिनं घेऊन हवेत उडते. याच कारणावरून अमेरिकेने २०१७ पासून पावडर लावलेले वैद्यकीय हातमोजे बंद केले. तेव्हा शेजारच्या खुर्चीवर दम्याचा नट बसलेला असेल तर पावडर झटकायची जागा ती नव्हे. बाहेर व्हरांड्यात जा.

दम लागला, तोंड सुजलं, चक्कर आली, तर रबर उतरवत बसण्यात वेळ घालवू नकोस. आधी १०८ लावायचा, मग बाकीचं. डोळ्यात चीक गेला तर वाहत्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. गुलाबपाणी नाही, आजीचा मध नाही.

हं, आता लावण्याचं. ओलं असताना चीक अल्कलीयुक्त असतो आणि झोंबतो. अमोनिया आणि पाणी उडालं की रबराचे कण एकमेकांना धरतात आणि दुधावर साय धरावी तशी कातडी धरते. पांढरा रंग जाऊन पिवळसर पारदर्शक झालं की वाळलं. म्हणून एक जाड थर कधीच नाही. वरून वाळतो, आत ओलाच राहतो आणि कातडी भाजत बसतो. पातळ थर, पंखा किंवा गार हवेचा ड्रायर, मग पुढचा थर. किती, ते भूमिका ठरवेल. सुरकुत्यांना कातडी ताणून दोन-तीन पातळ थर पुष्कळ होतात; जखमेला टिश्यू पेपर फाडून मध्ये बसवला की जाडी आपोआप येते. कागद कापू नकोस, फाड. कापलेली कड पहिल्या रांगेतून दिसते.

पापण्या, ओठ, नाकपुड्यांच्या आतली बाजू आणि फुटलेली त्वचा यांना लेटेक्स लागता कामा नये. दाढी आदल्या दिवशी. त्याच दिवशी केली तर वस्तऱ्याच्या ओरखड्यांत झोंबतं. भुवया साबणाने किंवा शाळेतल्या गोंदाच्या कांडीने चप्प बसवायच्या, नाहीतर उतरवताना रबराबरोबर भुवईही हातात येते. ब्रश आधी साबणाच्या पाण्यात बुडवून पिळून घे, म्हणजे नंतर धुता येईल. तसं न केलेला ब्रश फेकायचाच. उरलेला चीक मोरीत ओतू नकोस, आत गोठून नळी तुंबते. ताटलीत वाळू दे आणि सोलून टाक.

उतरवणं हे लावण्याहून जास्त वेळेचं काम आहे आणि आपल्याकडे त्याला वेळच दिला जात नाही. पडदा पडतो, बाहेर रिक्षा उभी असते, नट कड धरून ओढतो. त्यापेक्षा कोमट पाणी आणि साबण, कडेखाली खोबरेल तेल बोटाने सरकवायचं आणि थांबायचं. तेलाने रबर सैल होतं. एका हाताने कातडी धरायची, दुसऱ्याने रबर गुंडाळत आणायचं. चिकटवायला स्पिरिट गम, म्हणजे रंगभूषेचा गोंद, वापरला असेल तर त्याचा रिमूव्हर किंवा पुन्हा तेलच. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं पाणी यांना रंगपटाच्या दारातच अडव. स्पिरिट गम पेट घेतो हेही त्या सिगारेटवाल्या व्यवस्थापकाला सांगून ठेव.

खरं सांगायचं तर थेट चेहऱ्यावर चीक फासण्याची पद्धत मला आता आवडतच नाही. भाजलेल्या गालाचा तुकडा आदल्या आठवड्यात काचेवर कर: मध्ये जाड, कडेला शून्यावर आणलेला. वाळल्यावर पावडर मारून सोल आणि त्वचेच्या गोंदाचे मोजके ठिपके देऊन बसव. ओला अमोनिया तोंडाजवळ येतच नाही. प्रयोगाच्या दिवशी अर्धा तास वाचतो आणि तालमीला एक, प्रयोगाला एक असे तुकडे हाताशी राहतात. अर्थात अ‍ॅलर्जीवाल्याला हाही नको, रबर ते रबरच. त्याच्यासाठी सिलिकोन, महाग असलं तरी. जिलेटिनही चालतं, पण ते घामाने आणि दिव्यांच्या तापाने पाझरतं, आणि इथे गुजरातेत वेगळीच पंचाईत: ते जनावरांच्या हाडाकातड्यांपासून बनतं. जैन नटाच्या ओठाशेजारी ते न सांगता लावणं मला बरोबर वाटत नाही. तुझ्याकडे नाशिकलाही विचारूनच लाव.

वानरसेनेच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे. पोरांच्या तोंडाला लेटेक्स नको. पोर खाजलं तरी सांगत नाही, सांगितलं तर वेळ निघून गेलेली असते. त्यांना मुखवटे दे, तेही कपाळ-नाकापुरते, हनुवटी मोकळी. राक्षसाला पूर्ण मुखवटा शोभेल. शाडूत घडव, तुम्हा नाशिककरांना गणपतीच्या दिवसांत शाडू कमी नाही. त्यावर प्लॅस्टरचा साचा घे. साचा पूर्ण सुकला की त्यात चीक ओत. प्लॅस्टर पाणी शोषतं आणि साच्याच्या अंगाला रबराचा थर बसत जातो. हवी तेवढी जाडी आली की उरलेला चीक परत ओतून घे आणि साचा उलटा ठेवून वाळव. साच्याला तेल लावू नकोस. तेलाने प्लॅस्टरची शोषण्याची ताकद जाते, रबरही खराब होतं. तांब्या-पितळेचं भांडं तर अजिबात नको, तांब्याचा अंश लागला की रबर काळवंडून चिकट होत जातं. आतून मलमलचं अस्तर दे. घाम टिपतं आणि रबर कातडीला लागत नाही. डोळ्यांची भोकं शिल्पाला शोभतील तेवढी नव्हे, नटाला विंगेतली पायरी दिसेल तेवढी. नाकाची भोकं वेगळी. आणि मशालीचा प्रवेश असेल तर मुखवटेवाले तिच्यापासून लांब. रबर पेटलं की विझवायला वेळ मिळत नाही.

चेहऱ्याचा साचा घ्यायची हुक्की आली तर प्लॅस्टर थेट तोंडावर ओतू नकोस. ते घट्ट होताना चांगलंच तापतं आणि भाजतं. त्यासाठी अल्जिनेट असतं, दाताचे डॉक्टर मापं घ्यायला वापरतात ते, समुद्री शेवाळापासून केलेलं. त्याच्यावर प्लॅस्टरच्या पट्ट्या. दातांचं अल्जिनेट दोन-चार मिनिटांत बसतं, गार पाणी घेतलं की थोडा अवधी मिळतो. एक माणूस फक्त नाकपुड्यांवर लक्ष ठेवायला, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. ज्याला बंद जागेची भीती वाटते त्याचा साचा घ्यायचाच नाही, मग तो नाटकाचा नायक असला तरी.

हे सगळं एकट्याने करण्यापेक्षा दिवाळीनंतर इकडे ये. फाइन आर्ट्समध्ये शिल्पकला शिकणारा एक पोरगा आमच्या वाड्यात राहतो, त्याला अल्जिनेटचं विचारून ठेवतो. राक्षसाचं काम करणाऱ्यालाही आण, साचा त्याच्याच डोक्याचा लागेल. येताना दाढी करून ये म्हणावं, आणि त्याला ते केळं-पपईचं विचारल्याशिवाय गाडीत बसवू नकोस. सेव-उसळ मी खायला घालीन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
नंदू