सोनेरी नांगराच्या नादी लागू नकोस

बर्मिंगहॅम,
रविवार

प्रिय सुहास,

तू घ्यायला निघालेल्या चिनी मातीच्या मेंढपाळणीच्या पुतळीचे फोटो मिळाले. ‘तळाला सोनेरी नांगर (जहाजाचा) आहे, म्हणजे चेल्सीच!’ हे वाचलं आणि म्हटलं, तू पैसे भरायच्या आत पत्र लिहावं.

लंडनचा चेल्सी हा चिनी मातीच्या वस्तूंचा कारखाना 1745 च्या सुमाराचा. तो नावारूपाला आणणारा निकोलस स्प्रिमाँ मुळात चांदीकाम करणारा. तिथल्या मालावर आधी लाल नांगर आणि साधारण 1756 ते 1769 सोनेरी. पण त्या सोनेरी नांगराइतकी नक्कल क्वचितच कुठल्या खुणेची झाली असेल. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सॅमसनने चेल्सीच्या पुतळ्यांच्या नकला केल्या, नांगरासकट. खरा नांगर इवलासा, शोधावा लागतो. तुझ्या फोटोत तो लांबूनच दिसतोय, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

म्हणून खूण शेवटी बघायची, आधी माती. चेल्सीची माती मऊ जातीची (सॉफ्ट-पेस्ट), सॅमसनची कडक (हार्ड-पेस्ट). मऊ मातीचा टवका उडालेला असेल तर आतली कड साखरेसारखी दाणेदार दिसते. कडक मातीची काचेसारखी गुळगुळीत. मऊ मालावर रंग झिलईत मुरलेले असतात, कडकवर ते वरच्या वर बसल्यासारखे वाटतात. लाल नांगराच्या काळातली बशी उजेडासमोर धरलीस तर मातीतल्या हवेच्या बुडबुड्यांचे फिकट ठिपके दिसतात. संग्राहक त्यांना चंद्र म्हणतात.

चेल्सीच्याच काळातल्या बो या इंग्लिश कारखान्याच्या मातीत हाडांची राख असे. आजच्या बोन चायनातही ती निम्म्याच्या आसपास असते. काकूंसमोर हे बोलू नकोस, नाहीतर तुमचा टी-सेट माळ्यावर जाईल!

माझं ऐकशील तर पुतळ्या सोड आणि वुस्टर या इंग्लिश कारखान्याच्या भांड्यांपासून सुरुवात कर. 1751 ला निघालेल्या या कारखान्याने मातीत कॉर्नवॉलचं शंखजिरं घातलं, त्यामुळे उकळत्या चहाने भांडी तडकत नसत. निळ्या नक्षीची, बिनकानाची चहाची वाटी घे. उजेडात ती हिरवट दिसते. तळाला चंद्रकोर असेलही, पण ती खूण लोस्टॉफ्ट या दुसऱ्या कारखान्यानेही उचलली होती. बारीक चीर गेलेली वाटी पुष्कळ स्वस्तात मिळते आणि शिकायला तीच बरी. माझ्याकडच्या निम्म्या वाट्या तसल्याच आहेत. हिला त्या कपाटात नको असतात, हा भाग वेगळा.

आता त्या पुतळीचा तळ तिरक्या उजेडात घेऊन फोटो पाठव, आणि मेंढीच्या कानाजवळ टवका दिसतोय त्याचा अगदी जवळून. तोवर विक्रेत्याला नुसतं ‘कळवतो’ म्हण.

तुझा,
अविनाश