डाकोटाला फक्त एक ओळ?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला हवाई दलाच्या युद्धकथांवरचा लेख वाचला. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या सहा पाकिस्तानी सेबर लढाऊ विमानांना आपल्या इवल्याशा नॅट विमानातून भिडलेले फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों, लोंगेवाल्याच्या वाळूत रणगाडे टिपणारी हंटर विमानं, सगळं रंगवून लिहिलं आहे. त्याबद्दल तक्रार नाहीच. तक्रार आहे ती १९४७-४८ च्या काश्मीर युद्धासाठी खर्ची घातलेल्या एकुलत्या एका ओळीबद्दल: 'डाकोटा या मालवाहू विमानांनी सैन्य श्रीनगरला पोहोचवलं.' पोहोचवलं! जणू स्टेशनवरून पाहुणे घरी आणले.

२७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटे पहिली शीख पलटण दिल्लीहून निघाली, तेव्हा श्रीनगरचा विमानतळ आपल्या हातात आहे की पाकिस्तानातून चालून आलेल्या टोळीवाल्यांच्या, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पलटणीचे कमांडर लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांना हुकूम असा होता, की आधी वरून घिरट्या घालून अंदाज घ्यायचा, शंका आली तर न उतरता जम्मूला परत फिरायचं. खाली होती ती कच्ची पट्टी. एक डाकोटा टेकलं की धुळीचा असा लोट उठायचा की मागच्याला तो बसेपर्यंत वरच थांबावं लागे. त्या फेऱ्यांत खासगी कंपन्यांची प्रवासी विमानं आणि त्यांचे मुलकी वैमानिकही होते. कर्नल राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. विमानतळ मात्र वाचला, म्हणून मागची कुमक उतरत राहिली.

पूंछची गोष्ट तर याहून विलक्षण. वेढा पडलेलं गाव, आत हजारो निर्वासित, बाहेर पडायला रस्ता नाही. लष्कराने आणि निर्वासितांनी मिळून सुमारे सहाशे यार्डांची धावपट्टी तयार केली आणि एअर कमोडोर मेहरसिंग यांनी तीवर डाकोटा उतरवून दाखवलं. पुढे तोफा याच मार्गाने आल्या. रात्री उतरायचं तर कडेला तेलाचे दिवे लावत. जाताना हीच विमानं निर्वासितांना घेऊन जात. बॉम्बफेकी विमानं हाताशी नव्हती, तर डाकोटाच्या बाजूच्या दारातून माणसांनी हाताने बॉम्ब ढकलले. वेढा फुटला नोव्हेंबर १९४८ मध्ये, म्हणजे जवळपास वर्षाने. एवढा काळ ते गाव या विमानांच्या पोटातून जगलं.

आणि लेह? द्रास-कारगिल गेलं, लडाखकडे जाणारा जोजिला घाट बंद झाला, तेव्हा तिथे मूठभर डोगरा सैनिक होते. त्यांच्याबरोबर बर्फातून चालत आलेले लडाखी इंजिनिअर सोनम नोर्बू यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधूजवळच्या सपाटीवर धावपट्टी आखली आणि तयार केली. समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून अधिक उंचीवर! २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग यांनी तिथे डाकोटा उतरवलं, शेजारी जनरल थिमय्या. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नाही, मार्गाचे धड नकाशे नाहीत. पाठोपाठ गुरखे उतरले आणि लेह राहिलं. मेहरसिंग यांना महावीरचक्र मिळालं. नोर्बूंचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे?

लेखकाचं म्हणणं असं दिसतं की आकाशातली झुंज म्हणजेच हवाई युद्ध. मला ते पटत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा इंफाळवर चालून आल्या, तेव्हा १९४४ च्या मार्चमध्ये पाचवी भारतीय डिव्हिजन आराकानच्या आघाडीवरून उचलून तोफा आणि खेचरांसकट विमानाने इंफाळकडे नेली. विमानात खेचर उभं करायचं म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांसमोर आणून पाहावं. बावीस जूनला रस्ता मोकळा होईपर्यंत इंफाळ हवाई रसदीवर तगलं. उलट स्टालिनग्राडला वेढ्यातल्या जर्मन फौजेला रोज किमान तीनशे टन माल हवा होता, सरासरी त्याच्या निम्माही पोहोचला नाही, आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये ती शरण गेली. जर्मनांकडे लढाऊ विमानं किंवा निष्णात वैमानिक नव्हते, असं थोडंच आहे?

लढाऊ विमानाचा फोटो देखणा येतो, हे मान्य. डाकोटा दिसायला गरीबच. जमिनीवर नाक वर करून, शेपूट टेकून बसलेलं. तरी पुढच्या हवाई दल दिनाला पुरवणी काढाल तेव्हा 'परशुराम'चा फोटो जरूर छापा. दुरुस्त होऊन २०१८ मध्ये हवाई दलात आलेल्या या डाकोटाचा क्रमांक व्हीपी ९०५ आहे, २७ ऑक्टोबरला श्रीनगरला गेलेल्यांपैकी एकाचा. शेजारी लेहच्या धावपट्टीवर चार ओळी द्या, आणि त्यात सोनम नोर्बूंचं नाव असू द्या.

आपला,
एक नियमित वाचक