दाखल्याची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची?

संपादक महोदय,

प्रवेशाचे दिवस आले की दाखल्यांच्या रांगांची छायाचित्रे छापून येतात आणि 'सर्व्हर डाऊन'ची सबब नव्याने ऐकू येते. सर्व्हर बंद पडतो हे खरे, पण कागद टेबलावरही अडतात. त्यासाठीच महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित, म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क ठरवला. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, तशी प्रत्येक सेवेची मुदत ठरलेली आहे.

गोम आहे ती कलम ५ मध्ये. मुदत मोजायची ती 'सर्व बाबतींत परिपूर्ण' अर्ज मिळाल्यापासून. आता अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे कोण ठरवणार? मुदतीचे बंधन ज्याच्यावर, तोच! चौदाव्या दिवशी त्रुटी निघते: रेशनकार्डाची मागची बाजू जोडलेली नाही, स्वयंघोषणापत्रावर तारीख नाही. अर्ज परत येतो, दुरुस्त करून दिला की दिवस पुन्हा एकपासून. मग आणखी एक त्रुटी, जी पहिल्याच वेळी दिसायला हवी होती. महिना उलटला तरी कागदोपत्री एका दिवसाचाही उशीर नाही. सगळ्या त्रुटी पहिल्या तीन दिवसांत एकदमच कळवायच्या आणि त्यानंतर फक्त अर्जदाराकडे गेलेले दिवस वजा करायचे, असा नियम सरकारने केला तर ही पळवाट बुजेल.

अर्जदारांनीही पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. 'ठेवून जा, बघतो' म्हणून घेतलेल्या अर्जाची मुदत सुरू झाल्याचा पुरावाच उरत नाही. पावतीवर तारीख आणि अर्ज क्रमांक हवा. सेवा केंद्रातून ऑनलाइन अर्ज भरला तर पैसे दिल्याची पावती वेगळी आणि अर्जाची वेगळी. केंद्रचालकाने कागद चार दिवसांनी अपलोड केले तर तारीख त्या दिवसाची पडते. मोबाइल क्रमांक आपलाच टाकला आहे ना, हेही पाहावे. केंद्राचा टाकला असेल तर त्रुटीचा संदेश तिथेच पडून राहतो.

तोंडी 'होत नाही' हा कायद्याने नकार नव्हे. कारणे लेखी द्यावी लागतात आणि अपील किती दिवसांत, कोणाकडे करायचे, हे त्या अधिकाऱ्याच्या नाव-पदनामासह कळवावे लागते. नकार मिळाला किंवा मुदत टळली, की ३० दिवसांत पहिले अपील करता येते. सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंतही ते दाखल करून घेता येते. पुढे दुसरे अपील, शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. अधिकाऱ्याची कसूर ठरल्यास त्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे.

एवढे असून लोक अपील का करत नाहीत? साधे गणित आहे. दाखला शुक्रवारपर्यंत हवा असतो आणि पहिले अपील निकाली काढायलाच ३० दिवस. तोवर प्रवेशाची यादी बंद. शिवाय ज्याच्याविरुद्ध अपील करायचे, त्याच्याच टेबलावर पुढच्या वर्षी नॉन क्रिमीलेअरसाठी जायचे असते. कायदा मोडला गेला हे सिद्ध करण्याचा भार इथे सर्वांत दुबळ्या माणसावर टाकला आहे. हक्क दिल्यावर त्याची राखण सरकारनेच करायला हवी.

हरियाणाने २०२१ मध्ये आपोआप अपिलाची प्रणाली सुरू केली: मुदत टळली की अर्जदाराने काही न करता अर्ज वरिष्ठाकडे अपील म्हणून जातो. आपल्याकडेही अर्जाची तारीख, सेवा आणि अधिकारी, सारे संगणकात असतेच. प्रत्येक अधिसूचित सेवेला ही सोय लागू करावी, आणि कोणत्या कार्यालयाने किती अर्ज त्रुटी काढून परत केले याचे आकडेही निकाली अर्जांशेजारीच दर महिन्याला जाहीर करावेत.

— एक वाचक