आधी पुस्तक की आधी चित्रपट?

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

'द गिव्हर' हा चित्रपट पाहिला, आता पुस्तक कशाला वाचू, असं विचारतोस. वाच. पण आधीच सांगतो, त्यातली सगळ्यात मोठी मजा तुझ्या हातून गेली.

फिलिप नॉइसचा 2014 चा चित्रपट कृष्णधवल सुरू होतो आणि नायक जोनसची नजर उघडत जाते तसे पडद्यावर रंग उतरतात. दिसायला सुरेखच. पण जोनसच्या जगात रंग नाहीत हे आपल्याला बसल्या बसल्या कळून जातं! लोइस लॉरीने 1993 च्या कादंबरीत नेमकं हेच दडवून ठेवलंय. जोनस मित्राबरोबर सफरचंदाची फेकाफेक करत असतो आणि क्षणभर ते बदलतं. आकार तोच, आकारमान तेच. मग बदललं काय? पठ्ठ्या ते घरी नेऊन भिंगाखाली धरतो, तरी पत्ता नाही. पुढे गर्दीतले चेहरे, मग मैत्रीण फियोनाचे केस. हा लाल रंग, असं गिव्हर, म्हणजे जगाच्या जुन्या आठवणी जपून त्या जोनसला देणारा म्हातारा, सांगतो तेव्हा कुठे आपली ट्यूब पेटते: इतकी पानं रंग आपणच भरत होतो, लॉरीने ते दिलेच नव्हते. कॅमेऱ्याला ही लपवाछपवी कशी जमणार? त्याला पहिल्या चौकटीतच काहीतरी दाखवावं लागतं.

बाकीचे बदल मात्र मला निव्वळ धंद्याचे वाटले. पुस्तकातला जोनस 12 वर्षांचं पोर. इथे तो चांगला बाप्या झालाय, कारण फियोनाशी प्रेमप्रकरण हवं. पुस्तकात तो एका बाळाला घेऊन त्या जगातून सायकलवरून पळतो आणि उष्णता टिपणारी विमानं डोक्यावर आली की बर्फाच्या आठवणी काढून स्वतःचं आणि बाळाचं अंग गार पाडतो. काय डोकं आहे! चित्रपटात मोटारसायकल आणि ड्रोन.

जुळ्यांपैकी वजनाने कमी असलेल्या बाळाला जोनसचे वडील लाडीगोडी करत जीव घेणारी सुई टोचतात, तो प्रसंग मात्र पडद्यावरही अंगावर येतो. तिथे तक्रार नाही.

शेवटाबद्दल आपलं भांडण होणारच. पुस्तकात जोनस वाचला की थंडीने गेला, हे लॉरी सांगत नाही. (पुढच्या पुस्तकांत तिनेच ते सांगून टाकलं, ही माझी तिच्यावरची एकमेव खुन्नस.)

पुस्तक पाठवतोय. आधी मीनलला दे, तिने चित्रपट पाहिलेला नाही. सफरचंदापाशी पोचल्यावर ती काय म्हणते ते कळव, आणि तोवर तू तोंड उघडू नकोस.

तुझा,
सुहास