ताई, "मराठीत कसं म्हणता?" या तुमच्या प्रश्नासाठी थँक यू

प्रिय ताई,

तुम्ही वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान आहात, तरी पहिल्या दिवशी तोंडात ताईच आलं आणि आता ते बदलणार नाही. हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय, कारण माझ्यासारखे खूप जण असतील, इंग्लिशची अक्षरं ओळखता येतात, पाटी-बोर्ड वाचता येतात, सुटे शब्दही बरेच माहितीयेत, पण बोलायला तोंड उघडलं की वाक्य काही जुळत नाही. त्यांना कळू दे की तुम्ही माझ्यासोबत नक्की काय केलंत.

दहा महिने झाले. रोज रात्री फोनवर वीस मिनिटं, आणि दिवसभरात माझे दोन-तीन व्हॉइस मेसेज, ज्यांना तुम्ही कितीही उशीर झाला तरी उत्तर द्यायचात. एक पैसा घेतला नाहीत. त्याआधी मी एका क्लासला जाऊन आले होते, तिथे बारा टेन्सचा तक्ता पाठ करून घेतला होता, आणि तो मला घडाघडा म्हणता यायचा, पण "मला एक भाऊ आहे" एवढं साधं वाक्य इंग्लिशमध्ये बोलता येत नव्हतं. मला वाटायचं आपल्या डोक्यातच ही भाषा शिरत नाही.

पहिल्या रात्री तुम्ही मला विचारलंत, "माझ्याकडे पेन आहे" हे सांगा. मी म्हणाले, "निअर मी पेन इज." तुम्ही चूक असं म्हणालाच नाहीत. म्हणालात, बरोबर विचार केलात, मराठीच्या हिशोबाने हे अगदी बरोबर आहे, आता मराठीकडेच नीट बघूया. मग मला सांगितलंत की मराठीत "हॅव"साठी वेगळं क्रियापदच नाहीये. मला भाऊ आहे, माझ्याकडे पेन आहे, माझं घर आहे, मला ताप आहे, गाडीला चार चाकं आहेत, सगळीकडे क्रियापद एकच, "असणे", आणि फरक दाखवायला आपण कधी ला लावतो, कधी कडे, कधी माझं. इंग्लिशमध्ये हे सगळं "हॅव"च्या पोटात जातं. आय हॅव अ ब्रदर, आय हॅव अ पेन, आय हॅव अ फीव्हर, द कार हॅज फोर व्हील्स. त्या रात्री मी "हॅव"ची चाळीस वाक्यं लिहिली, एकदाही न अडता. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आणि ताई, त्यानंतर प्रत्येक वेळी तुमचा पहिला प्रश्न तोच असायचा, "मराठीत कसं म्हणता?" बाकी सगळे मला सांगायचे की इंग्लिश बोलायचं असेल तर इंग्लिशमध्येच विचार करा, मराठी विसरा. असं विसरता येतं का कधी? ज्याला दोनशे शब्दसुद्धा येत नाहीत त्याने त्यात विचार कसा करायचा? मला आजही हा सल्ला अगदी नवीन शिकणाऱ्याला देणं चुकीचं वाटतं. तुम्ही मला कधीच मराठी विसरायला लावलं नाहीत, उलट माझी प्रत्येक चूक मराठीच्या कुठल्या सवयीतून आलीये ते शोधायला शिकवलंत.

मग आली ती "मला"ची वाक्यं. मला आवडतं, मला आठवतं, मला समजतं, मला दिसतं. मी सगळीकडे "टू मी" ने सुरुवात करायचे आणि पुढे गाडी अडायची. तुम्ही म्हणालात, वहीचं एक पान फक्त "मला"ला द्या. आय लाइक, आय रिमेंबर, आय अंडरस्टँड, आय सी. मराठीत आवड आपल्याकडे येते, इंग्लिशमध्ये आपण ती करतो. मग त्याच पानाच्या मागे मला भूक लागलीये, मला थंडी वाजतेय, मला झोप येतेय, आणि त्याचं आय ॲम हंग्री, आय ॲम कोल्ड, आय ॲम स्लीपी. हे पान इतकं वापरलंय की कडा फाटल्यात, चिकटपट्टी लावून ठेवलंय.

थर्ड पर्सनच्या त्या "एस"वर मी किती वैतागले होते, आठवतंय? आय गो मग ही गोज का, काय गरज आहे, असं मी रागानेच विचारलं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "जाणे"चा वर्तमानकाळ सगळ्यांसाठी लिहून पाठवा. मी लिहिलं, मी जातो, मी जाते, तू जातोस, तू जातेस, तुम्ही जाता, ते मूल जातं, ते जातात. सात वेगवेगळी रूपं, आणि ती मी न शिकता, न चुकता, जन्मभर बोलतेय. तुम्ही म्हणालात, इंग्लिशमध्ये दोनच आहेत, गो आणि गोज, तुम्ही सात सांभाळताय तर ही दोन का नाही जमणार. मी फोन ठेवून नुसती बसून राहिले. मला पहिल्यांदा वाटलं की मी भाषेत कच्ची नाहीये.

प्रश्न विचारणं मात्र खूप दिवस जमेना. आपण वाक्य तसंच ठेवून शेवटी "का" लावतो, तुम्ही जाता का, तुम्ही गेलात का. इंग्लिशचा "का" पुढे येतो आणि तो "डू" असतो, हे समजलं, पण मग मी म्हणायचे "डिड यू वेंट". यावर तुम्ही दिलेलं वाक्य मी आता दुसऱ्यांनाही सांगते, भूतकाळाचा शिक्का एका वाक्यात एकदाच मारायचा, "डिड"वर मारला ना, मग "गो"ला मोकळं सोडा. डिड यू गो. आय डिडन्ट गो. बस्स, एवढंच होतं, आणि हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं!

शब्दांची गोष्ट तर वेगळीच. मी म्हणाले होते मला काहीच शब्द येत नाहीत. तुम्ही सांगितलंत, उद्या दिवसभर मराठीत बोलताना जेवढे इंग्लिश शब्द तोंडातून जातील तेवढे लिहा. रात्रीपर्यंत ६३ झाले. चार्जर, बॅग, फॉर्म, रिपोर्ट, लाइट, पासवर्ड, लेट, फ्री, चेंज, काय काय. आठवडाभरात यादी २०० च्या वर गेली. शब्द येतच होते, फक्त मी त्यांना मोजत नव्हते. पण त्यातच एक अडचण होती जी तुम्हीच पकडलीत. आपण इंग्लिश शब्द घेतो आणि त्याला करणे किंवा होणे जोडतो, ट्राय करते, हेल्प केली, चेक करते, कॅन्सल झालं. म्हणून मी इंग्लिश बोलतानाही ते "करणे" सोबत घेऊन जायचे, "आय डू ट्राय", "आय डिड हेल्प हर". तुम्ही म्हणालात, इंग्लिशमध्ये ट्राय स्वतःच क्रियापद आहे, त्याला करणेची काठी नको. आय ट्राय. आय हेल्प्ड हर. इट वॉज कॅन्सल्ड. आणि जिथे "करणे" खरंच लागतं तिथे कधी डू असतं कधी मेक, डू द वर्क पण मेक अ मिस्टेक, फोटो तर आपण काढतो आणि ते टेक करतात, म्हणून सुटा शब्द पाठ करायचा नाही, जोडीच पाठ करायची. माझ्या सगळ्या जुन्या याद्या मी जोड्यांनी पुन्हा लिहिल्या.

तुम्ही ती छोटी यादीपण पाठवली होतीत, सी. के. ऑग्डेन नावाच्या माणसाने १९३० मध्ये केलेली, बेसिक इंग्लिशची, ८५० शब्द आणि त्यात क्रियापदं फक्त १८. कम, गो, गिव्ह, गेट, टेक, पुट, कीप, मेक अशी. तेवढ्यात बरंचसं रोजचं बोलून होतं हे करून बघायला लावलंत. "एंटर" आठवत नसेल तर गो इन म्हणा, "रिमूव्ह" आठवला नाही तर टेक ऑफ किंवा टेक आउट म्हणा, पण थांबू नका. हे न थांबणं मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

पाठांतराचंही तसंच. मी एका दिवसात पन्नास शब्द घोकायचे आणि तिसऱ्या दिवशी पाटी कोरी. तुम्ही एबिंगहाउसबद्दल सांगितलंत, जर्मन मानसशास्त्रज्ञ, त्याने अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून, स्वतःलाच तपासून, विसरणं कसं होतं ते १८८५ मध्ये छापलं, सुरुवातीला भराभर विसरतो आणि मग वेग कमी होतो. मग खोक्यांची पद्धत दिलीत. कार्डावर एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्लिश, आलं तर कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं तर परत पहिल्यात, पहिलं खोकं रोज बघायचं आणि पुढची जास्त जास्त दिवसांनी. आता मी दिवसाला सातच नवीन शब्द घेते आणि ते राहतात.

उच्चारांबद्दल एक गोष्ट मला सगळ्यांना सांगायचीच आहे, कारण ती ऐकून मला इतका आनंद झाला होता. भूतकाळाचा ईडी लिहिताना एकच, पण ऐकू तीन प्रकारे येतो, वॉक्ट, प्लेड, वाँटिड. मी म्हणाले हे कसं लक्षात ठेवू. तुम्ही विचारलंत, शाळेत मराठी व्याकरणात कठोर आणि मृदू व्यंजनं शिकलात ना? वॉकच्या शेवटी क, कठोर, म्हणून पुढे ट, तोही कठोर. प्लेच्या शेवटी तसं कठोर काही नाही, म्हणून ड, मृदू. आणि शेवटी आधीच ट किंवा ड असेल तर मध्ये इ घालून इड. अनेकवचनाचं पण तसंच, कॅट्स मध्ये स, डॉग्ज मध्ये ज. सातवी-आठवीत परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते वर्गीकरण इतक्या वर्षांनी असं उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं! "अ" की "ॲन" याचंही उत्तर तुम्ही देवनागरीतूनच काढलंत. इंग्लिश स्पेलिंग बघू नका, शब्द देवनागरीत लिहा, अवर, सुरुवात स्वराने, म्हणून ॲन अवर, युनिव्हर्सिटी, सुरुवात य ने, म्हणून अ युनिव्हर्सिटी. आपली लिपी उच्चार दाखवते, म्हणून इथे आपल्याला सोपं जातं. "द" कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे मात्र अजून चुकतंच, आणि तुम्ही सांगितलंय की ते वाचून वाचून येईल, तर मी वाचतेय.

स्पेलिंगचा राग पण तुमच्यामुळेच गेला. नाइफमध्ये के कशाला, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात की पूर्वी तो के खरंच उच्चारायचे, हळूहळू बोलण्यातून गेला पण छपाई सुरू झाल्यावर स्पेलिंग जिथल्या तिथे राहिलं. म्हणजे तो के जुन्या उच्चाराची खूण आहे. मग मला तो त्रास वाटेनासा झाला.

आणि "यू". हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. मला तुमच्याशी इंग्लिशमध्ये बोलायला जड जायचं त्याचं खरं कारण ग्रामर नव्हतं, तुम्हाला "यू" म्हणायचं म्हणजे अरे-तुरे केल्यासारखं वाटायचं. तुम्ही ते न सांगताच ओळखलंत. म्हणालात, इंग्लिशमध्ये एकेकाळी "तू"साठी दाऊ होतं, आणि यू हे अनेकांसाठी आणि मानासाठी होतं, म्हणजे आपलं "तुम्ही"च. पुढे दाऊ वापरातून गेलं आणि सगळ्यांनाच यू राहिलं, म्हणूनच एकाच माणसाला बोलतानाही यू आर म्हणतात, यू इज नाही. तुम्ही मला "यू" म्हणता तेव्हा मला "तुम्ही"च ऐकू येतं, असं म्हणालात तुम्ही. त्या दिवसानंतर मी तुमच्याशी इंग्लिशमध्ये मोकळी बोलायला लागले.

मागच्या आठवड्यात मला एक फोन आला, समोरची बाई इंग्लिशमध्येच बोलत होती, आणि मी चार मिनिटं बोलले. "कॅन यू प्लीज से इट स्लोली?" हेसुद्धा म्हटलं, तिने पुन्हा सांगितलं, मी कागदावर वेळ लिहून घेतली, ॲट फाइव्ह ऑन मंडे, वाजताला ॲट आणि सोमवारीला ऑन, तुमचं वाक्य कानात होतं. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते, आणि पहिला मेसेज तुम्हालाच केला.

ताई, थँक यू, त्या दाऊवाल्या नाही, "तुम्ही"वाल्या यूने. आजची दहा वाक्यं वेगळी पाठवलीयेत, सातवं जरा बघा, "आय हॅव सीन इट यस्टरडे". मला ते म्हणताना कानाला खटकतंय, "यस्टरडे" काढलं की बरं वाटतंय, पण का ते सांगता येत नाहीये. रात्री फोनवर बोलूया.

तुमची,
रोज रात्रीची वीस मिनिटंवाली विद्यार्थिनी