बाबा, ती चादर वर काढून ठेवा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

संक्रांतीला सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेसाठी आले होते, तेव्हापासून एक गोष्ट मनात सलतेय. अक्षता सोहळा बघून आपण घरी आलो, जेवणं झाली. बाबा, तुम्ही ट्रंकेतून स्वतः विणलेली मोराची चादर काढलीत. पिसाऱ्यात ताण्याचा एक उभा धागा तुटलाय, तो मला दाखवायचा होता. तुम्ही तीनदा हाक मारलीत म्हणे. मी हाताच्या अंतरावर फोनमध्ये बघत बसले होते. आईनं खांद्याला हात लावला तेव्हा मान वर केली, तोवर तुम्ही चादरीची घडी घालत होता.

तीस वर्षं मागाच्या खटखटाटात तुमचे कान गेले. माझे तर शाबूत आहेत, बाबा.

पुण्याला परतल्यावर फोनमधला रोजचा हिशेब उघडला. ऑफिसचं काम लॅपटॉपवर होतं, ते यात नाहीच. नुसत्या रील्स आणि व्हिडिओ, रोज सरासरी 4 तास 40 मिनिटं. कागदावर गुणाकार केला, तर वर्षाचे 71 दिवस झाले. दिवस आणि रात्र धरून 71! रूमवरच्या मैत्रिणींचंही थोड्याफार फरकानं हेच आहे. दमून येतो, जरा डोकं शांत करू म्हणतो आणि साडेबारा वाजतात.

आई, तू म्हणतेस मनावर घे. घेतलंय गं. पण पुस्तकाचं पान संपतं, इथे पान संपतच नाही. एझा रास्किन नावाच्या माणसानं 2006 साली ही न संपणाऱ्या पानाची सोय काढली, पुढे त्यालाच तिचा पश्चात्ताप झाला. बाबा, मागावर कांडीवरचं सूत संपलं की हात थांबायचा. इथे कांडीच संपत नाही.

आता रील्सचं ॲप काढून टाकलंय. रात्री फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावते. पहिले चार दिवस हात आपोआप उशीखाली जायचा, खरंच सांगते. रविवारचा व्हिडिओ कॉल मात्र बंद करायचा नाही. तुम्हाला ओठ बघूनच माझं बोलणं कळतं.

शुक्रवारच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येतेय. आई, कडक भाकरी असू दे, बाकी काही करत बसू नकोस. बाबा, चादर वर काढून ठेवा. तो धागा कसा तुटला, मागावरच्या त्या पाळीला काय झालं होतं, मला पहिल्यापासून ऐकायचंय.

तुमची लेक